एक ‘झिंगाट’, दोन भाषा

चालीवर गाणं रचणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मेळ्यांची, जलशांची, उरुसातल्या गाण्यांची छोटी पुस्तकं पूर्वी जत्रेत विकायला यायची. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असायचं, ‘अमुक गाण्याच्या चालीवर’. चाल ओळखीची असली की नवे शब्द लोकांच्या तोंडी लवकर बसतात, हे आपल्या शाहिरांना चांगलं ठाऊक होतं. एकानं गाजवलेलं गाणं दुसऱ्यानं पुन्हा गायलं, तर त्याला आजकाल कव्हर व्हर्जन म्हणतात. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या मातीतल्या एका गाण्याचं असंच एक दुसरं रूप निघालं. ते गाणं म्हणजे ‘झिंगाट’.

29 एप्रिल 2016 रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, चित्रीकरणही बरंचसं त्याच तालुक्यातलं. नायिका रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे आम्हा श्रीपूरकरांच्या शेजारची. संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचं. या चित्रपटाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण झालं. पण चित्रपटगृहात लोकांना खुर्चीवरून उठवलं ते ‘झिंगाट’नं, आणि त्याचा ठेका आपल्या वरातीतला. लोक पडद्यासमोर जाऊन नाचले. तोवर कुठल्याही मराठी चित्रपटानं केली नव्हती एवढी कमाई ‘सैराट’नं केली.

2017 मध्ये ‘सैराट’ कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ या नावानं आला, नायिका रिंकूच. मग 20 जुलै 2018 रोजी हिंदीत ‘धडक’ आला. त्यातलं ‘झिंगाट’ मुद्दाम लक्ष देऊन ऐकावं. संगीतकार तेच, गायक तेच, चाल तीच, ठेकाही तोच. बदलले फक्त शब्द. ते अमिताभ भट्टाचार्य यांनी हिंदीत लिहिले. एखाद्या गाण्यात शब्द नेमकं काय काम करतात, हे तपासायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

हिंदी गीतकार कसलेला आहे. शब्द चालीत नीट बसतात, पाय थिरकतात. तरी एक शब्द त्यांनाही तसाच ठेवावा लागला: झिंगाट. हा शब्द आपल्या ‘झिंग’ आणि ‘झिंगणे’ यांच्या घरातला. शिवाय भन्नाट, सुसाट, मोकाट, सैराट हे त्याचे सोबती. शेवटच्या ‘आट’मध्येच दावं तोडून सुटल्याचा आवाज आहे. मराठी कानाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. हिंदीत मात्र या शब्दाला गणगोत नाही. जवळपासचा शब्द शोधायला जावं तर सापडतो ‘झींगा’, म्हणजे कोळंबी! तिथं ‘झिंगाट’ हा नुसता झणझणीत आवाज उरतो.

दुसरा फरक बोलण्याच्या ढंगाचा. मूळ गाण्यात नटूनथटून, सुगंध फवारून आलेला गावाकडचा पोरगा बोलतो. त्याच्या क्रियापदांची शेवटं आपल्या भागातली आहेत, पुस्तकातली नाहीत. चित्रपटात हा पोरगा मासेमारी करणाऱ्या घरातला आहे आणि ती पाटलाची मुलगी आहे. म्हणून त्याचं ते बेभान नाचणं नुसती मौज राहत नाही. त्यात धाडस आहे, आणि पुढं काय वाढून ठेवलंय याची धास्तीही आहे. ‘धडक’ची गोष्ट उदयपूरला गेली, तिथं जातीचा धागा फार पुसट झाला. गाणं तेवढंच जोरात वाजतं. पण त्या पोरानं कोणती रेघ ओलांडली, हे त्यातून कळत नाही.

यात हिंदीला कमी लेखण्याचा हेतू नाही. माझ्या घरात दखनी बोलतात आणि मी कविता मराठीत लिहितो, त्यामुळं या उंबऱ्यावरून माझी रोज ये-जा असते. अर्थ पलीकडे नेता येतो. पण शब्दामागचं गाव, त्याचे नातलग, तो उच्चारताना बदलणारा चेहरा हे सगळं उचलून नेणं अवघड असतं.

याच बोलीला आपल्याकडं शाळेत अशुद्ध म्हणून हसत. शिकायला पुण्याला गेलेली किती तरी पोरं आठवड्याभरात ‘आलो, गेलो’ असं जपून बोलायला लागतात. त्या बोलीतलं एक गाणं देशभर वाजलं, आणि दुसऱ्या भाषेत जातानाही त्यातला एक शब्द कुणाला बदलता आला नाही. आमच्या भागातल्या वरातीत आजही मराठी ‘झिंगाट’च लागतं. चाल खुशाल उसनी द्यावी, ती कमी होत नाही. बोली मात्र बोलणाऱ्यांनीच सांभाळावी लागते. तेवढं आपण नक्की करू शकतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)