शिकारीच्या सहलीसाठी वॉकीटॉकी निवडताना

अमेरिकेत पानगळीच्या दिवसांत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि चार-सहा जणांच्या टोळ्या रानात उतरतात. कोणी झाडावर बांधलेल्या मचाणावर बसतो, कोणी ओढ्याकाठी दबा धरतो, उरलेले दुसऱ्या टोकाकडून हाका घालत येतात. प्रत्येकाजवळ बंदूक असते आणि दाट झाडीत एकाला दुसरा दिसत नाही. मेन किंवा मिशिगनच्या उत्तरेकडील जंगलांत मोबाइलचे नेटवर्क बऱ्याच ठिकाणी पोचतही नाही. हाकेकरी कुठवर आले, मचाणावरून कोणी खाली उतरला का, गोळीच्या दिशेला माणूस तर नाही ना, हे कळण्याचे भरवशाचे साधन तिथे वॉकीटॉकीच असते. त्यामुळे हा संच निवडताना त्याच्याकडे माणसांच्या सुरक्षिततेचे साधन म्हणूनच पाहिले पाहिजे. सावज शोधून देणे हे त्याचे काम नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे अनेक ठिकाणी कायद्यालाही ते मान्य नाही.

दुकानात खोक्यावर सर्वांत ठळक छापलेली गोष्ट म्हणजे पल्ला. पस्तीस मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, असा दावा सर्रास आढळतो. ग्राहक बहुधा याच आकड्यावर फसतो. वॉकीटॉकीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. दोन माणसे अगदी सपाट, मोकळ्या मैदानात तोंडापाशी संच धरून उभी राहिली, तर जमिनीच्या वक्रतेमुळेच साधारण दहा किलोमीटरच्या पुढे संपर्क तुटू लागतो. छप्पन्न किलोमीटरचा पल्ला मिळायला दोघांपैकी एकाने आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा दीडशे मीटर उंच माथ्यावर उभे राहायला हवे, दुसरा खाली मोकळ्यावर हवा आणि मध्ये टेकडी, झाड, इमारत काहीही नको. शिकारीचे रान याच्या नेमके उलट असते. ओल्या पानांचे दाट जंगल लहरी शोषून घेते, टेकडीची धार त्या अडवते. अशा ठिकाणी हातातल्या दोन वॉटच्या संचाला किलोमीटर-दोन किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावे लागते.

जास्त वॉटचा संच घेतला की पल्ला त्याच प्रमाणात वाढेल, हा समजही चुकीचा आहे. पूर्ण मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायचे तर शक्ती चौपट लागते, आणि मध्ये डोंगर असेल तर चौपट शक्तीही फारशी कामाला येत नाही. संच उंच जागी नेणे आणि अँटेना चांगली असणे यांचा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो. खिशात किंवा कमरेला आडवा लटकलेला संच आपली बरीचशी शक्ती माणसाच्या शरीरातच घालवतो. तोच हातात उभा धरून, चेहऱ्यापासून थोडा दूर ठेवून, चार पावले चढावर जाऊन बोलले, तर मघाशी न पोचलेला आवाज पुष्कळदा पोचतो.

यानंतरचा प्रश्न म्हणजे कोणत्या लहरींवर बोलायचे. अमेरिकेत हे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी ठरवते. सर्वसामान्य शिकाऱ्यासमोर तीन मुख्य पर्याय असतात.

पहिला एफआरएस, म्हणजे फॅमिली रेडिओ सर्व्हिस. ही सेवा १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला अर्ध्या वॉटची मर्यादा होती. २०१७ मध्ये नियम बदलले. आता तिच्यात २२ चॅनेल आहेत, बहुतेकांवर दोन वॉटपर्यंत शक्ती चालते आणि परवाना लागत नाही. मात्र ८ ते १४ या चॅनेलांवर अजूनही अर्ध्या वॉटचीच मर्यादा आहे. टोळीतली माणसे लांबवर पसरणार असतील, तर या सात चॅनेलांना हात न लावलेला बरा. एफआरएसच्या संचाची अँटेना पक्की जोडलेली असावी लागते, ती काढून मोठी बसवता येत नाही. त्यामुळे या वर्गातले महाग आणि स्वस्त संच पल्ल्याच्या बाबतीत एकमेकांच्या फार पुढे-मागे नसतात. जास्तीचे पैसे मजबुती, पाण्यापासून संरक्षण आणि बॅटरी यांसाठी मोजावेत, खोक्यावरच्या मैलांसाठी मोजू नयेत.

दुसरा पर्याय जीएमआरएस. त्याचे चॅनेल एफआरएसचेच आहेत, पण काही चॅनेलांवर ५० वॉटपर्यंत शक्ती चालते, वेगळी अँटेना बसवता येते आणि उंचावरच्या रिपीटरमधून बोलता येते. रिपीटर खालचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर घेतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा सोडतो. डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या माणसांना एकमेकांशी जोडण्याचा हा फार चांगला मार्ग आहे. यासाठी परवाना घ्यावा लागतो. त्याची फी ३५ डॉलर, मुदत दहा वर्षे, आणि परीक्षा नाही. एकाच्या परवान्यावर पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे असे सगळे घर बोलू शकते, पण मित्र त्यात येत नाहीत. शिकारीची टोळी बहुधा मित्रांचीच असते, हे परवाना काढताना लक्षात घ्यावे. मित्रांकडे एफआरएसचे साधे संच असले तरी अडचण नाही, कारण दोन्ही सेवा सामायिक चॅनेलांवर एकमेकींशी बोलू शकतात. तळावर उभ्या गाडीत छपरावर अँटेना लावलेला जीएमआरएसचा मोठा संच आणि रानात फिरणाऱ्यांच्या हाती एफआरएसचे छोटे संच, ही जोडी मोठ्या टोळीला चांगली सोयीची पडते. मोठा संच दूरवर ऐकू जातो आणि छपरावरच्या अँटेनामुळे छोट्यांचा क्षीण आवाजही बरा पकडतो.

तिसरा पर्याय एमयूआरएस. याला परवाना लागत नाही, मर्यादा दोन वॉटची आणि चॅनेल फक्त पाच. ते १५१ ते १५४ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे व्हीएचएफ पट्ट्यात आहेत. एफआरएस आणि जीएमआरएस ४६२ व ४६७ मेगाहर्ट्‌झच्या यूएचएफ पट्ट्यात येतात. व्हीएचएफच्या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर, यूएचएफच्या लहरींची पाऊण मीटरहूनही कमी. लांब लहर पानांच्या गर्दीतून थोडी सहज पार होते आणि टेकडीच्या धारेवरून थोडी अधिक वळते, म्हणून झाडीच्या डोंगराळ रानात एमयूआरएस उजवे ठरू शकते. मात्र पाव-लहर लांबीची अँटेना यूएचएफला सोळा सेंटिमीटरची पुरते, तर व्हीएचएफला जवळजवळ अर्धा मीटर लागते. हातातल्या संचावरची बोटभर रबरी अँटेना व्हीएचएफचा बराचसा फायदा खाऊन टाकते. एमयूआरएसमध्ये अँटेना बदलण्याची मुभा आहे. ती वापरणार असाल तरच हा पर्याय घेण्यात अर्थ आहे. आणखी एक गोष्ट शिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात बांधायचे गार्मिनचे माग काढणारे पट्टे याच पाच चॅनेलांवर चालतात. कुत्री घेऊन शिकार करणाऱ्या टोळ्या जवळपास असतील, तर बोलण्यात त्यांचे संदेश मिसळू शकतात.

सीबी रेडिओ आता मुख्यतः गाड्यांपुरता उरला आहे. २७ मेगाहर्ट्‌झच्या लहरीला फार लांब अँटेना लागते, त्यामुळे हातात घेऊन फिरण्यासाठी तो गैरसोयीचा. सागरी व्हीएचएफ संच तर जमिनीवर वापरणे नियमबाह्यच आहे. अलीकडे अगदी थोड्या पैशांत मिळणारे, वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे हॅम रेडिओचे संच शिकाऱ्यांच्या हाती दिसतात. हॅमच्या पट्ट्यात बोलायला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि हे संच एफआरएस किंवा एमयूआरएससाठी प्रमाणित केलेले नसतात. स्वस्त मिळतो म्हणून असा संच घेणारा माणूस नकळत नियम मोडत असतो. शिवाय चुकीचे बटण दाबून तो अग्निशमन दलाच्या किंवा वनखात्याच्या चॅनेलवर जाऊन पडू शकतो. या एका कारणासाठी तरी हे संच टाळावेत.

जाहिरातीतला आणखी एक भुलवणारा शब्द म्हणजे ‘प्रायव्हसी कोड’. संचावर २२ चॅनेल आणि प्रत्येकी ३८ कोड असतील, तर आपल्याला शेकडो खासगी वाहिन्या मिळाल्या असे वाटते. प्रत्यक्षात कोड म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा, कानाला न जाणवणारा एक बारीक स्वर असतो. आपल्या संचाला तो स्वर ऐकू आला तरच तो स्पीकर उघडतो. म्हणजे कोड लावल्याने आपल्याला इतरांचे ऐकू येत नाही, पण आपले बोलणे मात्र त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकता येते. शिकारीत याचा धोकाही आहे. शेजारच्या टोळीतला कोणी त्याच चॅनेलवर ‘गोळी चालवू नका’ म्हणून ओरडत असला, तरी कोड लावलेला संच गप्पच राहील.

रानात संच टिकेल का, हे पाहताना सर्वांत आधी बॅटरी पाहावी. हरणांचा हंगाम पुष्कळ राज्यांत नोव्हेंबरच्या थंडीत असतो. पारा शून्याखाली गेला की साधे अल्कलाइन सेल झपाट्याने मंदावतात. लिथियमचे न चार्ज होणारे एए सेल उणे ४० अंशांपर्यंत काम देतात, म्हणून स्वतःची बॅटरी संपल्यावर एए सेलवरही चालणारा संच थंड प्रदेशात मोलाचा. जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावेत. बॅटरी किती तास चालेल याचा छापील आकडा बहुधा पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे आणि उरलेला नव्वद टक्के वेळ नुसते चालू राहणे असे धरून काढलेला असतो. बडबड्या टोळीत तो लवकर खोटा पडतो.

पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स४ म्हणजे उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. आयपीएक्स७ चा संच मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी तगतो. पावसाळी रानात आणि बदकांच्या शिकारीत दुसरा हवा, कोरड्या हवेत पहिल्यावर भागते.

मचाणावर बसलेल्याला संचाचा आवाज हा मोठाच प्रश्न असतो. हरणाचे कान तिखट असतात, एका ‘बीप’ने सकाळभराची बैठक वाया जाते. त्यामुळे कळांचा आवाज, बोलणे संपल्यावर वाजणारा स्वर आणि बोलावण्याची धून बंद करता येणे, कळा कुलूपबंद करता येणे आणि इअरफोन जोडता येणे या गोष्टी नुसत्या हौसेच्या मानू नयेत. बोलू लागताच आपोआप सुरू होणारी सोय मात्र वाऱ्यात आणि झुडपांच्या खसखशीत भलत्याच वेळी सुरू होते, ती बंदच ठेवावी. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कान झाकणे अत्यावश्यक असते. बाहेरचे बारीक आवाज ऐकू देणारे पण गोळीचा आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांना वॉकीटॉकी जोडता येतो. हाका घालून होणाऱ्या शिकारीत ही जोडणी खर्च करण्याजोगी आहे.

आता कायद्याची आणि नीतीची बाजू. अमेरिकेतील अनेक राज्यांत जनावराचा ठावठिकाणा दुसऱ्याला रेडिओवरून सांगून शिकार साधणे मना आहे. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय संच पिशवीत टाकू नये. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब मोठ्या शिकारींच्या नोंदी ठेवतो. रेडिओच्या मार्गदर्शनाने साधलेली शिकार तो नोंदीला पात्र मानत नाही. हा नियम योग्यच आहे. जनावराकडे नाक, कान आणि पाय एवढेच असतात. त्याच्या भोवती बिनतारी जाळे विणून मारणे याला शिकारीतले कौशल्य म्हणता येणार नाही.

ब्रिटनमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे १२ ऑगस्टला ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. माळरानावर हाकेकऱ्यांची रांग पक्ष्यांना बंदुकांच्या रांगेकडे नेते आणि ही रांग सरळ राखण्यासाठी शिकारराखे वॉकीटॉकी वापरतात. तिथल्या बिनपरवाना सेवेचे नाव पीएमआर४४६. शक्ती अर्धा वॉट, चॅनेल सोळा, फ्रिक्वेन्सी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ. मोकळ्या माळावर एवढे पुष्कळदा पुरते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपवली, पण वॉकीटॉकी सह्याद्रीतल्या गिर्यारोहणात, पक्षिनिरीक्षणात आणि बचावकार्यात तितकाच उपयोगी आहे. पल्ला, बॅटरी आणि पाण्याबद्दल वर सांगितलेले सारे इथेही लागू पडते. भारत सरकारने २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हाच पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवान्यातून मोकळा केला. परवान्याशिवाय वापरता न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीचे संच ऑनलाइन दुकानांत उघड विकले जात असल्याचे दिसल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा विक्रीबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. खरेदी करताना संचाची फ्रिक्वेन्सी आणि केंद्र सरकारची ‘ईटीए’ ही उपकरण-मान्यता या दोन्ही गोष्टी तपासून घ्याव्यात. अमेरिकेतल्या नातेवाइकाने कौतुकाने पाठवलेला एफआरएसचा संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झवर चालतो. हा पट्टा भारतात परवानामुक्त नाही, त्यामुळे तो संच इथे वापरता येत नाही.