सिझरचा आकडा का चढतो?

सिझेरियनचं प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या वर जाण्याचं कारण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये म्हटलं होतं. भारतात २००५-०६ मध्ये ते ८.५ टक्के होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २१.५ झालं. महाराष्ट्र २५.४, गोवा ३९.५ आणि तेलंगणा थेट ६०.७!

सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के, ही तफावत बरंच सांगून जाते. गुंतागुंतीच्या केसेस तर शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयातच पाठवल्या जातात. बिलाचा मोह आहेच, पण वेळेचा हिशेबही आहे. कळा बारा-चौदा तास चालू शकतात, सिझर तासाभरात उरकतं. एकाच डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये मध्यरात्री भूलतज्ज्ञ मिळेलच असं नाही. मग दिवसाउजेडी ऑपरेशन केलेलं बरं वाटतं. बाळाला काही झालं तर कोर्टकचेरी आणि तोडफोड, ही धास्ती वेगळीच.

वाढलेलं वय, मधुमेह, रक्तदाब, आयव्हीएफची जुळी ही वैद्यकीय कारणं खरी आहेत. वेदनारहित प्रसूतीची सोय मोजक्याच ठिकाणी असल्याने काही जणी स्वतःच सिझर मागतात. काही घरी पंचांग पाहून वेळ ठरते.

सर्वांत चिवट कारण मात्र आधीचं सिझर. दुसऱ्या खेपेस नॉर्मल प्रसूती अनेकींना शक्य असते, पण जुना व्रण फाटण्याच्या धोक्यामुळे सतत देखरेख आणि ऑपरेशनची तयारी लागते. लहान रुग्णालयं ती जोखीम सहसा घेत नाहीत.