नस्ती आढळून येत नाही

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून डोंगरीला येतो. मुंबईतल्या सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी वेगळी, ही मीरा-भाईंदर महापालिकेतली. इथे बेथलेहेम मातेचे जुने चर्च आहे, कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन घरे आहेत, मागे झाडीने भरलेला डोंगर आहे. त्याच पट्ट्यात धावगीला शहराचा कचरा येऊन पडतो. तिथे लागणाऱ्या आगी आणि शेतात उतरणारे सांडपाणी यांच्या तक्रारी उत्तन-डोंगरीचे लोक वर्षानुवर्षे करत आले आहेत. आता त्यात दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो 9 च्या कारशेडची भर पडली. कारशेड आधी राई-मुर्धा भागात होणार होती. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, म्हणून ती डोंगरीत सरकली. त्यासाठी जाणाऱ्या झाडांचा आकडा दहा हजारांवर सांगितला गेला, तेव्हा गावाने हरकती घेतल्या, मोर्चे काढले.

मेट्रो हवी की झाडे, हा वाद या लेखाचा विषय नाही. डोंगरीत कोणी खोटे बोलले, असेही मी म्हणत नाही. पण तिथल्या माणसांशी बोलताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि तो साऱ्या महाराष्ट्राचा आहे. झाडे मोजली कोणी? यादीवर सही कोणाची? आणि ती यादी उद्या खोटी निघाली, तर त्या सहीचे काय होणार?

या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे की, फारसे काही होणार नाही. हे बदलले पाहिजे. माणसाच्या हातून चूक होते आणि प्रत्येक चुकीला तुरुंग दाखवणारे राज्य चालत नाही. पण चूक कळल्यावर ती झाकण्यासाठी कागद बदलणे, अहवाल दडपणे, लोकांना धोका नाही म्हणून सांगणे हा वेगळा आणि जाणूनबुजून केलेला गुन्हा आहे. त्याला फौजदारी शिक्षा हवी.

महाराष्ट्राच्या स्मरणात या विषयाचा आरंभ पानशेतपासून होतो. आंबी नदीवरचे ते मातीचे धरण पूर्ण झालेले नसताना 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवले गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी पावसात रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण काही तास जास्त तगले. 12 जुलैच्या सकाळी ते फुटले. पाण्याचा लोंढा खडकवासल्यावर आदळला, दुपारपर्यंत तिथली जुनी भिंतही गेली आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. पोती रचली जात होती, याचा अर्थ धोका कोणाला तरी दिसत होता. तरीही शनिवार, नारायण, कसबा पेठेतल्या घरांपर्यंत वेळेवर इशारा पोचला नाही. जवानांनी मिळवून दिलेले ते तास शहर रिकामे करायला वापरता आले असते.

पुढचा भाग अधिक खिन्न करणारा आहे. न्यायमूर्ती बावडेकर यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि काम चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली. मग न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांच्याकडे काम आले. अहवाल आला, त्यावर चर्चा झाली, धरण नव्याने बांधले गेले. पुणेकरांच्या पदरात अहवाल पडला, खटला पडला नाही. ज्या पिढीने घरातली माणसे गमावली, तिला शेवटपर्यंत वाटत राहिले की आपल्याला पुरते खरे कोणी सांगितलेच नाही. ही भावना नुकसानभरपाईने जात नाही.

पंचवीस वर्षांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाचे प्रकरण झाले. 1986 च्या सुरुवातीला तिथे ग्लिसरॉल दिलेल्या 14 रुग्णांचा मृत्यू झाला. ते औषधी प्रतीचे नव्हते, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी, तपासणी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप अशी सगळी साखळी उघडी केली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. लेंटिन यांनी भीडभाड ठेवली नाही. महाराष्ट्रातल्या चौकशी अहवालांत इतका निर्भीड अहवाल क्वचितच सापडेल. पण राजीनामा म्हणजे शिक्षा नव्हे. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधाने आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि वीसहून अधिक दगावली. त्या औषधातही तेच डायइथिलीन ग्लायकॉल होते, तपासलेल्या नमुन्यात 48.6 टक्के. चार दशकांत यंत्रणेने काय शिकायला हवे होते, हे वेगळे सांगायला नको.

आयोगाचा अहवाल इतका स्पष्ट असूनही माणसे सुटतात कशी? याचे उत्तर 1952 च्या चौकशी आयोग कायद्यात आहे. आयोगाचे काम तथ्ये शोधण्याचे, शिक्षा देण्याचे नाही. आयोगासमोर माणसाने जे सांगितले, ते कलम 6 नुसार त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, अपवाद खोट्या साक्षीच्या खटल्याचा. यामागचा हेतू चांगला आहे, लोकांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून ही सोय आहे. अहवाल आणि त्यावरील कृतीचे ज्ञापन सहा महिन्यांत विधिमंडळात मांडायचे असते. म्हणजे सरकारच्या चुकांचा अहवाल सरकारकडेच जातो आणि तो स्वीकारायचा की नाही, हेही सरकारच ठरवते.

‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात हे सारे एकाच ठिकाणी पाहायला मिळाले. कुलाब्यातल्या त्या 31 मजली इमारतीवरून 2010 मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती जे. ए. पाटील आणि पी. सुब्रह्मण्यम यांच्या आयोगाचा अहवाल 20 डिसेंबर 2013 रोजी विधिमंडळात आला आणि त्याच दिवशी सरकारने तो फेटाळला. टीका झाल्यावर तो काही अंशी स्वीकारला गेला. चव्हाणांवर खटला भरायला राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी परवानगी नाकारली. पुढे 2016 मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी ती दिली, आणि डिसेंबर 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आयोगाचे निष्कर्ष म्हणजे न्यायालयात टिकणारा नवा पुरावा नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. न्यायालयाने कायद्यानुसारच निकाल दिला. खोट कायद्याच्या रचनेत आहे. याच प्रकरणात नगरविकास खात्याच्या नस्तीतून, म्हणजे फाइलमधून, कागद नाहीसे झाल्याचे उघडकीला आले आणि सीबीआयने त्यासाठी खात्यातल्या कर्मचाऱ्यांना अटक केली. मोठ्या पदावरच्या माणसाचा निर्णय आणि छोट्या पदावरच्या माणसाच्या ताब्यातला कागद यांतला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मीरा-भाईंदरला तर हा विषय घरचाच आहे. 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने 2007 मध्ये रद्द केला. त्या कायद्याखाली मीरा-भाईंदरमधल्या बांधकामांसाठी बनावट दाखले वापरले गेले, निवासी पट्ट्यातली जमीन हरित पट्ट्यात असल्याचे दाखवले गेले आणि सरकारला मिळायची घरे बुडाली, असा आरोप आहे. 2016 मध्ये ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. 2021 मध्ये अटका झाल्या, त्यात महापालिकेच्या नगररचना विभागातला अधिकारीही होता. दोष न्यायालयात सिद्ध होईपर्यंत आरोपींना निर्दोषच मानले पाहिजे. पण वेळ पाहा. दाखले 2007 च्या आधीच्या तारखांचे, आणि मोठ्या अटकांसाठी 2021 उजाडले. मधल्या काळात इमारती उभ्या राहिल्या, घरे विकली गेली, कर्जे काढून लोक राहायला आले. ज्याने हप्ते भरले, त्याचा यात काय दोष?

सरकारी कार्यालयात नस्ती पाहायला बसलेल्या माणसाला पानाच्या कोपऱ्यातले आकडे वाचायची सवय लागते. महाराष्ट्रात दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अनेक कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहता येतो, तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने एकदा हे करून पाहावे. नस्तीत टिपणीचा भाग वेगळा, पत्रव्यवहाराचा वेगळा. टिपणीवर लिपिकाचे म्हणणे, मग अधीक्षकाची सही, मग वरच्या साहेबांचा शेरा. पान 41 नंतर 46 आले की मधली चार पाने कुठे गेली, हे विचारायचे. आवक-जावक नोंदवहीत पत्राचा क्रमांक आहे आणि नस्तीत पत्र नाही, असे झाले की तेही लिहून घ्यायचे. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला की साधारण ठरलेले उत्तर येते: सदर नस्ती अभिलेख्यात आढळून येत नाही. त्या एका वाक्यावर किती जमिनी, किती परवानग्या आणि किती लोकांचा न्याय अडकून पडला आहे!

कायदा अजिबात नाही, असे नाही. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी सरकारी नोकराने खोटा अभिलेख तयार करणे हा जुन्या दंड संहितेच्या कलम 218 नुसार तीन वर्षे शिक्षेचा गुन्हा होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. महाराष्ट्राचा 2005 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम बेकायदा अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगतो. माहिती अधिकारात खोटी माहिती दिली किंवा मागितलेली माहिती नष्ट केली, तर मात्र दंड दिवसाला 250 रुपये आणि फार तर 25,000. दंड संहितेच्या कलमात हेतू सिद्ध करावा लागतो आणि सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यावर खटला भरायला बहुतेक वेळा सरकारची मंजुरी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानावे, अशी तरतूद केली. तिचे स्वागत करायला हवे. तरीही एक मोठी पोकळी उरते. संस्थेला घातक गोष्ट ठाऊक आहे आणि ती गप्प बसते, या गप्प बसण्याला सर्वसाधारण गुन्हा ठरवणारे कलम आपल्याकडे नाही.

ही पोकळी ब्रिटनमध्येही होती. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीत जखमी झालेल्यांसह अखेर 97 जणांचा मृत्यू झाला. दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. पोलिसांनी आपल्याच शिपायांच्या जबान्या बदलल्या होत्या, हे 2012 च्या स्वतंत्र समितीने दाखवून दिले. पण 2021 मध्ये दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि एका वकिलावरचा खटला कोसळला. त्या जबान्या सार्वजनिक चौकशीसाठी होत्या, न्यायालयासाठी नव्हत्या, म्हणून न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हा होत नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. चौकशीत उघडे पडलेले खटल्यात टिकत नाही, हे दुखणे आपल्या आयोगांचेच. मृतांच्या घरच्यांनी तीन दशके लढा दिला. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या संसदेत विधेयक मांडले गेले. सार्वजनिक अधिकाऱ्याने खरे सांगणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आणि ते जाणूनबुजून मोडणे हा गुन्हा, असे त्याचे सूत्र आहे.

यावर प्रामाणिक अधिकाऱ्यांकडून एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आधीच अधिकारी सही करायला घाबरतात, नस्ती वर ढकलतात. तुरुंगाची भीती वाढवली तर कामे थांबतील आणि चूक झालीच तर ती अधिक खोल पुरली जाईल. शिवाय शिक्षा शेवटी लिपिकाला होईल, साहेब सुटेल. ‘आदर्श’च्या कागदांचे पाहिले तर ही भीती निराधार वाटत नाही. म्हणूनच शिक्षेची रेषा नेमकी आखायला हवी. ज्याने चूक झाल्यावर ताबडतोब लेखी कळवले, त्याला त्या चुकीसाठी फौजदारी संरक्षण द्यावे. ज्याला वरून तोंडी आदेश आला, त्याने तो टिपणीवर नोंदवला की तो मोकळा आणि आदेश देणारा उत्तरदायी. ज्याने दुसऱ्याने केलेली लपवाछपवी उघड केली, त्याची बदली नको, बढती अडवू नये. आणि ज्याने जाणीवपूर्वक खोटा कागद केला किंवा खरा कागद नाहीसा केला, त्याला पद कितीही मोठे असले तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल. खटल्याच्या मंजुरीचा अधिकार त्याच खात्याकडे न ठेवता लोकायुक्तासारख्या बाहेरच्या संस्थेकडे द्यावा. हे झाले तर सरळ माणसाचे भय वाढणार नाही, कमीच होईल.

दंड संस्थेला करून भागेल, असे काहीजण म्हणतात. महापालिकेला दंड झाला तर तो भरतो कोण? डोंगरीचा घरपट्टी भरणारा रहिवासीच. कचऱ्याचा धूर त्यानेच सोसायचा आणि धुराबद्दलचा दंडही त्यानेच भरायचा, हा न्याय नव्हे. शिक्षा सही करणाऱ्या माणसाला व्हायला हवी.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर आहे तो कायदा पुरता वापरला जात नाही, ही आपलीही कसूर आहे. अभिलेख सापडत नाही ही माहिती नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयांनी बजावले आहे. तेव्हा डोंगरी असो, चंद्रपूर असो की बेळगावच्या सीमेवरचे एखादे गाव, यापुढे तुमच्या हाती ‘नस्ती आढळून येत नाही’ असे पत्र पडले, तर ते कपाटात ठेवू नका. 30 दिवसांत पहिले अपील करा, ते फेटाळले तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. अपिलात एक मागणी लेखी करा: नस्ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती, त्याचे नाव आणि हुद्दा द्या. महाराष्ट्रात असाल तर अभिलेख अधिनियमाखाली पोलिसांत गुन्हा नोंदवण्याचीही मागणी करा. गावातल्या चारजणांनी मिळून केले, तर कोणा एकावर दबाव येणार नाही.