बिडी सोडताना मोबाइल काय करतो

धूम्रपान सोडवणारी बहुतेक अ‍ॅप्स सिगारेटचं पाकीट डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात मात्र धूर म्हटला की आधी बिडी आठवते. तिची तेंदूपानं उन्हाळ्यात इथल्याच जंगलांतून तोडली जातात. म्हणून अ‍ॅपला आपली सवय नीट समजावून सांगावी लागते.

सुरुवातीला अ‍ॅप विचारतं : दिवसाला किती ओढता, पाकिटाला किती पैसे पडतात, कोणत्या तारखेपासून सोडणार? पाकिटाच्या जागी बिडीच्या कट्ट्याची किंमत भरा आणि बिड्यांचा आकडा खरा भरा. बिडी लहान असते, म्हणून ती हलकी, असं अनेकांना वाटतं. पण तेंदूपानातून हवा नीट खेळत नाही आणि बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला जास्त वेळा आणि जोरात ओढावं लागतं. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात भरपूर जातं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर शरीराला निकोटीनची चांगलीच सवय जडली आहे असं समजावं.

सोडण्याची तारीख आठवडा-दोन आठवडे पुढची ठेवा. ऐन रोवणीचे दिवस मी टाळेन. बांधीतून बाहेर आल्यावर धुऱ्यावर सगळे मिळून बिडी पेटवतात, तिथे पहिल्याच आठवड्यात हात आवरणं फार कठीण जातं.

तारखेपर्यंतचे दिवस नोंदीचे. प्रत्येक बिडीला एक बटण दाबायचं आणि कारण निवडायचं : चहा, जेवण, राग, रिकामा वेळ, सोबत. अ‍ॅपचं खरं काम इथेच होतं, आणि नेमका हाच भाग लोक कंटाळून सोडून देतात. चार-पाच दिवसांच्या नोंदी जमल्या की बिडीच्या ठरलेल्या वेळा दिसू लागतात. पहाटेची, सकाळच्या चहानंतरची, संध्याकाळी पानठेल्यावरची. मग अनेक अ‍ॅप्समध्ये त्या वेळेच्या थोडं आधी सूचना लावता येते. फोनची बॅटरी वाचवणारी सोय या सूचना अडवू शकते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तेवढी परवानगी द्या.

सोडल्यावर तलफ येते, पण तिची एक लाट साधारण काही मिनिटांची असते. अ‍ॅपमधलं तलफेचं बटण दाबलं की घड्याळ सुरू होतं, संथ श्वास घ्यायला सांगितलं जातं किंवा छोटा खेळ समोर येतो. ही सगळी युक्ती तेवढी मिनिटं टळावीत म्हणून असते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत बराच उतार पडतो.

नुसत्या मोबाइलवर भागत नसेल तर औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम मिळतं. ते नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळत राहू नये. चव झणझणीत लागली की थांबून गालात धरायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा नको. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या भागातला सर्वांत मोठा धोका अ‍ॅपला बहुधा कळतच नाही. बिडी सुटते आणि तिच्या जागी खर्रा सुरू होतो. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. अ‍ॅपवर बिडी शून्य आणि खिशात खर्र्याची पुडी असेल, तर निकोटीन सुटलेलं नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका उभाच आहे. म्हणून खर्राही नोंदवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने २०२२ मध्ये आणलेलं तंबाखूमुक्तीचं अ‍ॅप धूरविरहित तंबाखूही धरून बनवलं आहे.

याचा उपयोग कितपत होतो? अमेरिकेत २,४१५ प्रौढांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तलफेशी झगडण्याऐवजी ती येऊ देऊन जाऊ द्यायला शिकवणारं एक अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी २८ टक्के लोक वर्षानंतर धूम्रपानापासून दूर होते. नेहमीच्या पद्धतीचं अ‍ॅप वापरणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. म्हणजे चांगल्या अ‍ॅपनेही बहुतेकांची बिडी एका फटक्यात सुटत नाही, आणि मध्ये एखादी ओढली गेली म्हणून सगळं वाया गेलं असं मुळीच नाही. ती नोंदवा, कारण लिहा आणि त्या वेळेची सूचना बदला.

तरीही अडखळायला झालं तर माणसाशी बोला. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन २०१६ मध्ये सुरू झाली. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जातो. फोनला पैसे पडत नाहीत, स्मार्टफोन लागत नाही आणि मराठीतही बोलता येतं. समुपदेशक तुमच्या सवयीबद्दल विचारतात, तारीख ठरवायला मदत करतात आणि पुढे पाठपुराव्याचा फोनही करतात. फोन लावताना अ‍ॅपमधल्या नोंदी समोर ठेवा. कुठली बिडी सुटत नाही, हे त्यांना लगेच सांगता येईल.