खारे वारे आणि मतलई वारे

मंडळी, चैत्र-वैशाखातल्या दुपारी कोकणच्या एखाद्या किनाऱ्यावर अनवाणी चालून पाहा. वाळूवर पाय ठरत नाही. चार पावलांवरचे पाणी मात्र गार. पहाटे उलट! वाळू निवलेली आणि पाणी कोमट. ऊन तर दोघांवर सारखेच पडले. मग हा फरक का? वाऱ्याचे सारे मूळ या प्रश्नात आहे.

जमिनीत उष्णता खोल जात नाही. वरचा पातळ थरच ती सगळी घेतो आणि लवकर तापतो. पाण्यात ऊन खोलवर शिरते, लाटा पाणी ढवळतात, काही उष्णता वाफ होण्यात खर्च होते. शिवाय एक शेर वाळू आणि एक शेर पाणी सारखेच तापवायचे, तर पाण्याला वाळूच्या सुमारे पाचपट उष्णता द्यावी लागते. म्हणून समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो.

आता हवेचे पाहू. हवा थेट उन्हाने फारशी तापत नाही. ती तापते खालच्या जमिनीमुळे. तापली की फुगते, हलकी होते आणि वर चढते. चुलीचा धूर वर जातो, तसेच हे. त्यामुळे जमिनीवर हवेचा दाब कमी होतो. समुद्रावरची हवा थंड आणि जड. तिथे दाब अधिक. अधिक दाबाकडून कमी दाबाकडे हवा वाहते, तोच वारा. दिवसा समुद्रावरून येतात ते खारे वारे. रात्री जमीन आधी निवते, पारडे फिरते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे निघतो. हे मतलई वारे. रात्री तापमानातला फरक थोडा असतो, म्हणून मतलई खाऱ्यापेक्षा मंद.

कोळी बांधवांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. शिडाच्या होड्यांच्या काळात ते पहाटे मतलईवर होडी लोटीत आणि दुपारी खाऱ्यावर घरी परतत. वाऱ्याचे हे घड्याळच त्यांचे पोट भरत होते.

पण हे घड्याळ नेहमी चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा मोठा वारा रात्रंदिवस वाहतो आणि या लहान वाऱ्यांना दाबून टाकतो. वादळापुढे तर त्यांचे काहीच चालत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, ते काही दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचे मोठे रूप नव्हते. तेव्हा रोजच्या वाऱ्यावर विसंबा, पण हवामान खात्याचा इशारा आला की होडी ओढून घ्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, दोन सारखे डबे घ्या. एकात कोरडी माती, दुसऱ्यात पाणी, दोन्हींत तापमापक. तासभर उन्हात, मग तासभर सावलीत ठेवा आणि दर दहा मिनिटांनी मुलांकडून आकडे लिहवून घ्या. माती आधी का तापली आणि आधी का निवली, हे मुलांनाच सांगू द्या. मग समुद्र कधी न पाहिलेल्या मुलालाही खारा वारा समजेल.