सिनेमातले वादळ आणि धुऱ्यावरचा निंब



ऊस लागवड, खताचे हप्ते, पाणीपाळी यांवर या पानांत नेहमीच लिहिले जाते. आजचा विषय जरा निराळा आहे, सिनेमाचा. सिनेमाने लेकरं बिघडतात असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण वादळाचा एखादा सिनेमा शाळेत दाखवला आणि गुरुजींनी तो मध्येच थांबवून चार प्रश्न विचारले, तर त्यातूनच जीव वाचवणारा धडा देता येतो. कसा ते पाहू.

आधी हा धडा कशाला हवा, ते सांगतो. ९ एप्रिल २०२३ ची संध्याकाळ अकोला जिल्हा विसरलेला नाही. बाळापूर तालुक्यात पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला, मंडळी पत्र्याच्या शेडखाली थांबली आणि कडुनिंबाचे जुने झाड त्या शेडवर कोसळले. सात जणांचा जीव गेला. आभाळ फाटल्यावर माणूस झाडाखाली नाहीतर पत्र्याखाली धावतो, ही लहानपणापासूनची सवय आहे. ती मोडायची तर लहानपणीच मोडली पाहिजे, आणि नुसते भाषण देऊन ती मोडत नाही. लेकराच्या डोळ्यांपुढे वादळ उभे करावे लागते.

त्यासाठी 'ट्विस्टर' हा १९९६ चा अमेरिकन सिनेमा उपयोगाचा आहे. ओक्लाहोमा भागातल्या चक्रीवादळांचा, म्हणजे टोर्नेडोंचा, पाठलाग करणारी शास्त्रज्ञ मंडळी त्यात आहेत. घरे उडतात, गाय हवेत गरगरते. भाषा कळली नाही तरी लेकरं जागची हलणार नाहीत. मात्र अख्खा सिनेमा एका दमात दाखवू नये. तीन जागी थांबावे.

पहिला थांबा, वादळ पहिल्यांदा दिसते तेव्हा. गुरुजींनी विचारावे, "चैतात आपल्या वावरात धूळ-पाचोळा घेऊन फिरते, ती वावटळ आणि हे वादळ एकच काय?" बहुतेक लेकरं हो म्हणतील. पण आपली वावटळ कोरड्या आभाळाखाली तापलेल्या जमिनीतून वर उठते आणि चार-दोन मिनिटांत विरते. टोर्नेडो गडगडणाऱ्या मोठ्या ढगातून खाली उतरतो. तसा टोर्नेडो आपल्याकडे सहसा होत नाही, पण तसले ढग मात्र आपल्याकडेही बनतात. मार्च ते मे महिन्यांत जमीन भट्टीसारखी तापते, बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारा येतो, आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण वर-खाली होत एकमेकांवर घासतात. त्यातून वीज तयार होते. बर्फावर बर्फाचे थर चढून गार बनते. मोठी गार मधोमध कापली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी सोसली, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

दुसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा. शेवटी नायक-नायिका वादळापुढे पळत एका शेडमध्ये शिरतात. तिथे सगळी धारदार शेतीची अवजारे टांगलेली. तिथून निघून ती दोघे पंपाच्या लहानशा शेडमध्ये जातात, जमिनीत खोल गेलेल्या लोखंडी पाइपांना चामडी पट्ट्याने स्वतःला बांधून घेतात. शेड उडून जाते, ती दोघे वाचतात. इथे सिनेमा थांबवून विचारावे, "हे बरोबर केलं काय?"

अवजारांच्या शेडमधून निघाले ते बरोबर. वादळात वाऱ्यापेक्षा उडणारा पत्रा नि लोखंडच जास्त माणसे मारते. पण उघड्या पाइपाला बांधून घेणे ही निव्वळ सिनेमातली गोष्ट आहे. आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, गडगडाट चालू असताना, कोणी लोखंडी पाइपाला चिकटून बसेल तर ईज त्याच पाइपातून त्याच्या अंगात येईल. हा फरक लेकराला कळला की धडा पोचला असे समजावे.

त्याच वेळी विजेचे नियम सांगून टाकावेत. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. धुऱ्यावरच्या एकट्या निंबाखाली, तारेच्या कुंपणाजवळ, ऊस भरलेल्या ट्रॉलीखाली थांबू नये. मोकळ्या वावरात सापडलोच तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि सगळ्यांनी एका जागी घोळका करू नये. ढोरंही झाडाखाली बांधू नयेत. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, आणि बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्याच्या अंगातून ती जाते. पायाळू माणसावर ईज पडते, ही समजूत खोटी आहे. जो उंच आणि एकटा, त्याला धोका जास्त. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला बेधडक हात लावावा, श्वास बंद असेल तर छाती दाबत राहावे आणि १०८ ला फोन करावा.

तिसरा थांबा 'डोरोथी' नावाच्या यंत्राशी. वादळाच्या पोटातली माहिती मिळाली तर लोकांना आधी इशारा देता येईल, म्हणून सिनेमातली मंडळी ते यंत्र वादळाच्या वाटेत ठेवतात. ही कल्पना हवेतली नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'टोटो' नावाचे यंत्र घेऊन असाच खटाटोप केला होता. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोबाइल ॲप केले आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेची सूचना त्यावर मिळते. विदर्भाचा अंदाज नागपूरचे हवामान केंद्र देते. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग शाळेच्या फळ्यावर रोज लिहावेत, म्हणजे लेकरू घरी येऊन बापाला सांगेल.

पुराचा धडा द्यायचा तर २००९ चा 'तुम मिले' आहे. त्यातले प्रेमप्रकरण वगळून पुराचा भाग तेवढा दाखवावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या अकोल्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याहून हा जास्त. बंद मोटारगाड्यांत गुदमरून माणसे गेली. मग विचारावे, रपट्यावरून पाणी वाहत असताना बंडी किंवा ट्रॅक्टर घालावा काय? दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारी ओढून नेते. वरुडकडच्या जुन्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने पलीकडच्या काठावरचे मोवाड बुडवले, तेव्हा दोनशेहून अधिक माणसे गेली.

भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून दगावतात, आणि त्यांत वावरात राबणारेच फार. म्हणून शाळा समितीवर असलेल्या सभासदांना विनंती आहे. पाडवा होऊन उन्हे तापू लागली की एक दिवस पडदा लावावा आणि पालकांनाही बोलवावे. ऊसतोडीला आलेल्या मजुरांची लेकरं पालावर असतील तर त्यांना आठवणीने आणावे, कारण वादळात सर्वांत आधी उडते ते त्यांचेच पाल. सिनेमा संपल्यावर सगळ्यांना घेऊन गावाबाहेर जावे, आणि कोणत्या झाडाखाली थांबायचे नाही, कोणत्या घरात शिरायचे, ते बोट दाखवून ठरवून यावे.