वारा पाठीशी असावा म्हणून

सायकली भिंतीला ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या आणि आमची गाइड माझ्या ताईच्या पायाशी उकिडवी बसली होती. ‘टाच पेडलवर ठेवा आणि पाय सरळ सोडा,’ ती म्हणाली. ताईचा गुडघा जरा वाकलेलाच राहिला. गाइडनं पान्यानं सीटची पकड सैल केली, दांडी बोटभर वर ओढली, पुन्हा आवळली. पुन्हा टाच, पुन्हा नजर गुडघ्यावर. तिसऱ्या खेपेला तिचं समाधान झालं. मग दांडी जिथे नळीत शिरते, नेमका तिथे तिनं लाल चिकटपट्टीचा एक वळसा दिला. व्हॅनमध्ये चढवता-उतरवताना सीट हलली, तरी ताईची उंची हरवायला नको. आम्ही दहा जण होतो. प्रत्येकाच्या सायकलवर अशी खूण झाली, त्यात तासभर गेला. ताई त्रेसष्ट वर्षांची. कॉलेजला असताना पुण्यात लेडीज सायकलवर तिची पायपीट वाचली होती, पण तिच्या गुडघ्याचं माप कुणी इतक्या मनापासून घेतलेलं मी प्रथमच पाहत होते.

हे क्लिफडन. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे काउंटीतल्या कॉनेमारा भागातलं लहानसं गाव. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. इथून किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला, मेयो काउंटीतल्या वेस्टपोर्टला जायचं आणि पुढे अॅकिल बेट गाठायचं. सहा दिवस, पहिला सोडला तर रोज ३० ते ५५ किलोमीटर. सामान व्हॅनमधून पुढच्या मुक्कामी जाणार. या सगळ्या किनाऱ्याला २०१४ पासून ‘वाइल्ड अटलांटिक वे’ असं नाव आहे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सुमारे २५०० किलोमीटरचा रस्ता, आणि वळणावळणावर लाटेची खूण असलेल्या पाट्या.

निघण्यापूर्वी गाइडनं दोनच गोष्टी बजावल्या. वाहतूक डावीकडून, आणि उजव्या मुठीतला ब्रेक पुढच्या चाकाचा. आम्हा पुणेकरांना दोन्ही घरचंच होतं. पण अमेरिकेहून आलेल्या जोडप्याला तिनं अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या, कारण त्यांच्याकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो आणि उतारावर घाईनं चुकीची मूठ दाबली गेली तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यांची बोटं आपोआप योग्य ब्रेकवर जाईपर्यंत तिनं कुणालाच फाटकाबाहेर सोडलं नाही.

गावाच्या टोकाला तिनं आम्हाला पुन्हा थांबवलं आणि एका धुराड्याकडे बोट दाखवलं. धूर निघताक्षणी आडवा होऊन गावाकडे पळत होता. ‘आज वारा समुद्राकडून आहे. म्हणून आधी त्याच्या तोंडावर जायचं, पाय ताजे आहेत तोवर. परतताना तोच आपल्याला ढकलेल.’ पहिल्या दिवसाची फेरी स्काय रोडची होती, सोळाएक किलोमीटरची. रस्ता पश्चिमेला चढत जातो, माथ्यावरून खाली उघडा अटलांटिक आणि त्यात विखुरलेली बेटं दिसतात, मग उत्तरेकडच्या खाडीच्या काठानं घरी. चढताना वारा छातीवर हात ठेवून मागे रेटत होता. परतीला मात्र सपाटीवर पाय हलवायचीही गरज वाटेना. त्या दिवसापासून मीही धुराडी बघायला लागले. मग मेंढ्या बघायला लागले, कारण जोराचा वारा असला की त्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. काही दिसलं नाही तर हॉथॉर्नची काटेरी झाडं होतीच. नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं जन्मभर दाबलेली, सगळी ईशान्येकडे झुकलेली. क्लिफडनहून वेस्टपोर्टची दिशाही साधारण तीच. म्हणजे सहलीचा मार्ग कुणी नकाशावर छान दिसतो म्हणून आखलेला नव्हता. तो या झाडांकडे बघून आखलेला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरलेला कार्यक्रम मोडला. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि पाऊस सरला की इथे वारा बऱ्याचदा वायव्येकडे फिरतो. ‘आज गोल फेरी मारली तर परतीचे वीस किलोमीटर वारा तोंडावर येईल. आपण फक्त दक्षिणेला जाऊ. परत व्हॅननं येऊ.’ ड्रायव्हरनं काही न विचारता सायकलींचा ट्रेलर जोडला. वरवर साधा वाटणारा हा निर्णय मला त्या आठवड्यातला सर्वांत कसबी वाटला. सहलीला आलेल्या माणसाला पूर्ण फेरी केल्याचा अभिमान हवा असतो. पण त्या वीस किलोमीटरनी तिसऱ्या दिवशीची आमची कंबर मोडली असती, हे तिला आदल्या दिवशीच दिसत होतं.

त्या दिवसाचा रस्ता दलदलीतून जातो. डोळ्यांना सगळं गवताळ माळरान वाटतं. डेरीगिमलापाशी एक जर्मन सहप्रवासी फोटोसाठी रस्त्याच्या कडेवरून चार पावलं आत गेला आणि पोटरीपर्यंत रुतला. आम्ही दोघांनी धरून त्याला बाहेर काढलं. मग गाइडनं सांगितलं की हीच फसगत १५ जून १९१९ला अल्कॉक आणि ब्राउन यांची झाली. न्यूफाउंडलंडहून निघून, मध्ये न थांबता अटलांटिक ओलांडणारं पहिलं विमान त्यांनी आणलं. जवळच मार्कोनीचं बिनतारी केंद्र होतं, शेजारी हिरवं सपाट मैदान दिसलं, म्हणून त्यांनी विमान खाली घेतलं आणि त्याचं नाक चिखलात रुतलं. दोघेही सुखरूप राहिले. हे तिनं त्या जर्मन गृहस्थाचे बूट व्हॅनमधल्या टॉवेलनं पुसता पुसता सांगितलं.

दलदलीतूनच टर्फ निघतं. हजारो वर्षं साचलेली, अर्धवट कुजलेली वनस्पती म्हणजे टर्फ, इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं सरपण. ओल्या विटांसारखे त्याचे तुकडे कापतात आणि चार-पाच एकमेकांना टेकवून उभे करतात, म्हणजे मधून वारा खेळून ते वाळतात. आपल्याकडे गोवऱ्या टेकवून ठेवतात, तसंच. संध्याकाळी गावात शिरताना त्याच्या धुराचा गोडसर करपट वास आधी येतो, घरं मागून दिसतात. शेतांच्या कडेच्या दगडी भिंतीही मला ओळखीच्या वाटल्या. चुना-माती न लावता दगडावर दगड ठेवलेले, मध्ये फटी. कोकणातले गडगेच! फक्त जांभ्याऐवजी राखाडी दगड. इथे त्या फटी मुद्दाम ठेवतात. वारा आरपार जातो, म्हणून भिंत टिकते. मुक्कामाच्या घरची मालकीण आम्ही महाराष्ट्रातल्या म्हटल्यावर लगेच म्हणाली, ‘म्हणजे वराडकरांच्या गावाकडच्या!’ दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. कॉनेमाराच्या स्वयंपाकघरात वराडचं नाव ऐकून ताईचे डोळे भरून आले.

त्याच दिवशी शेवटी बॅलिनाहिंच लागलं. नदीकाठचा हा वाडा नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे क्रिकेटवीर रणजितसिंहजींनी, १९२४ मध्ये विकत घेतला. १९३३ मध्ये ते वारले. साल्मन मासे गळाला लावता यावेत म्हणून त्यांनी नदीकाठी बांधलेल्या धक्क्यांवर आजही मासेमार उभे राहतात.

तिसऱ्या दिवशी मला गाइडच्या कामाचं मर्म सापडलं. ती नेहमी शेवटी असायची. पुढे व्हॅन जाई, वळणापाशी थांबे, सगळे नीट वळले की पुन्हा पुढे. शेवटच्या माणसाच्या मागे मात्र गाइड. आणि शेवटची बहुतेक वेळा ताईच. सुरुवातीला मला त्याचा संकोच वाटे. कायलमोरच्या तळ्याकडे जाताना मी मुद्दाम मागे राहिले आणि दोघींचं बोलणं ऐकलं. गाइड विचारत होती, तुमच्याकडे गणपती कसे बसवतात? ताई सविस्तर सांगत होती. मखर, मोदक, विसर्जन. चढ सुरू झाला तशी ताईची वाक्यं तोकडी झाली. मग नुसते शब्द उरले. त्याबरोबर गाइड म्हणाली, ‘इथून तळं फार छान दिसतं. फोटो काढायला थांबू या.’

मला आठवलं, दोन दिवस आम्ही बऱ्याचदा असेच ‘फोटोसाठी’ थांबत होतो. रात्री मी तिला विचारलं. ती हसली. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर माणूस ठीक आहे. दोन शब्द आले तर वेग कमी करायचा. नुसता ‘हो’ आला तर थांबायचं, पण दमलात का असं कधीच विचारायचं नाही. ‘दमलात का विचारलं की सगळे नाही म्हणतात,’ ती म्हणाली. म्हणून तिच्याकडे प्रश्नांचा साठा असतो, आणि प्रत्येक प्रश्न लांबलचक उत्तराचा. गणपती तिनं त्यासाठी विचारला होता. आणि तरीही उत्तर ती मनापासून ऐकत होती, कारण दुसऱ्या दिवशी तिनं ताईला विचारलं, मूर्ती पाण्यात सोडताना वाईट वाटत नाही का?

एक पंक्चर माझ्या वाट्याला आलं. आयर्लंडमध्ये पक्ष्यांच्या घरट्यांसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट झाडांची कुंपणं छाटायला कायद्यानं बंदी आहे. १ सप्टेंबरला यंत्रं बाहेर पडतात आणि रस्त्यावर काट्यांचा सडा होतो. गाइडनं चाक काढून गडग्याच्या आडोशाला नेलं. आपल्याकडचा पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघतो. हिनं ट्यूब फुगवून गालाजवळून फिरवली, हवेची बारीक झुळूक लागली तिथे थांबली. मग ट्यूब टायरवर धरली. टायरवरचं कंपनीचं नाव ती नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवते. त्यामुळे ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे कळलं की काटा टायरमध्ये कुठे असणार तेही कळतं. बोट सावकाश आतून फिरवून तिनं तांदळाच्या दाण्याएवढं काळं टोक चिमट्यानं उपसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ‘हा राहिला असता तर दहा मिनिटांत नवी ट्यूबही गेली असती.’

चौथ्या दिवशी लीनानहून निघालो. किलरीची अरुंद खाडी डोंगरांत सोळा किलोमीटर आत घुसली आहे. पाण्यावर शिंपल्यांच्या शेतीचे दोर आणि पिंपं तरंगतात. डेल्फी ओलांडल्यावर गाइडनं आम्हाला गोळा केलं. ‘पुढे डू-लॉख आहे, काळं तळं. इथून प्रत्येकानं एकेकटं जायचं, मध्ये शंभर पावलांचं अंतर. बोलायचं नाही. वर दगडी क्रूस दिसेल, तिथे थांबा.’ ज्या बाईनं तीन दिवस आमचं बोलणं मोजलं होतं, तिनं ते इथे बंद केलं.

रस्ता तळ्याच्या काठाला अगदी चिकटून जातो. पश्चिमेला म्वीलरेचा पहाड, समोर शेफ्रीचे डोंगर, एकही घर नाही. क्रूसावर आठवण कोरली आहे ती १८४९ची. बटाट्यावरच्या रोगानं दुष्काळ पडला होता. मार्चच्या अखेरीस लुइसबर्गमध्ये मदतीसाठी जमलेल्या शेकडो भुकेल्या माणसांना सांगण्यात आलं की तपासणी डेल्फीला होईल, सकाळी तिथे हजर व्हा, नाहीतर मदत बंद. ती माणसं थंडीपावसात रात्रीतून याच दरीतून चालत गेली. डेल्फीला त्यांना ताटकळत ठेवलं गेलं आणि रिकाम्या हाती परत पाठवलं गेलं. परतीच्या वाटेवर कितीतरी जण तळ्याकाठी मेले. क्रूसावर महात्मा गांधींचंही एक वचन कोरलेलं आहे, माणसांना अपमानित करण्यात कुणाला सन्मान कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं.

आम्ही डेल्फीहून लुइसबर्गकडे चाललो होतो. म्हणजे त्यांची परतीची वाट. पोटात सकाळचा भरपेट नाश्ता होता, पाठीवर नैर्ऋत्येचा वारा होता, आणि तरी तो चढ मला जड गेला. शेवटी ताई आली. तिच्या मागे गाइड. ताईनं सायकल गवतावर आडवी ठेवली, चप्पल काढावी तसे हातमोजे काढले आणि क्रूसाला नमस्कार केला. गाइडनं कुणालाही निघायची घाई केली नाही. मग तिनं फ्लास्कमधला चहा ओतला आणि पहिला कप ताईच्या हातात दिला.

पुढचा प्रवास सोपा होता. क्रो पॅट्रिकचा शंकूसारखा ७६४ मीटर उंच डोंगर दिसला. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक त्यावर चढतात, काही जण अनवाणी. वेस्टपोर्टहून अॅकिलपर्यंत ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधलेला. रेल्वेला मोठे चढ चालत नाहीत, म्हणून सायकलवाल्यालाही तिथे मोठे चढ लागत नाहीत. शेवटचे वीस किलोमीटर ताई सगळ्यांच्या पुढे होती, आणि गाइड आपल्या जागी, शेवटी.

अॅकिलला सायकली परत करताना मी ताईच्या सीटखालची लाल पट्टी सोलून वहीत चिकटवली. ज्यांना अशा सहलीला जायचं असेल त्यांनी सप्टेंबरचा पहिला आठवडा धरावा, पावसाचं जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घ्यावेत. आणि पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना दोन प्रश्न नक्की विचारावेत. सहल कोणत्या दिशेनं जाते आणि का? आणि शेवटच्या माणसाच्या मागे कोण असतं?